वाट पाहण्याची किंमत : वऱ्हाडातल्या चालत्या चित्रांचा इतिहास

मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडावे आणि पडद्याच्या मधोमध एक चक्र फिरत राहावे, हा अनुभव आज अकोल्याच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यापासून धारणीच्या शाळकरी मुलापर्यंत सर्वांच्या ओळखीचा आहे. चक्र थांबते, मग चित्र येते, आणि चित्र आल्यावरही ते हलायला लागेपर्यंत आणखी काही क्षण जातात. वेब ॲनिमेशन तयार करणारे या मधल्या वेळाला ‘लोडिंग टाइम’ म्हणतात आणि गेल्या तीस वर्षांत उपजलेला तांत्रिक प्रश्न म्हणून त्याच्याकडे पाहतात. प्रश्न मात्र तीस वर्षांचा नाही. चालते चित्र जेव्हापासून आहे, तेव्हापासून ते येईपर्यंतचा वेळ कसा सांभाळायचा हाही प्रश्न आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या सिनेमा व्यवसायाने तो कित्येक दशके रोज, प्रत्येक खेळाला सोडवला. त्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. वाट पाहणे सुसह्य होते की असह्य, हे यंत्राच्या वेगावर जेवढे ठरते त्याहून अधिक वाट पाहण्याची किंमत कोण भरतो यावर ठरते. दाखवणारा भरत असेल तर तो उपाय शोधतो. पाहणारा भरत असेल तर उपाय लांबणीवर पडतो.

सुरुवात यंत्रापासूनच करायला हवी, कारण चालते चित्र मुळात वाट पाहण्यावरच उभे आहे. सिनेमाच्या मशीनमध्ये फिल्मची पट्टी सलग वाहत नाही. एक चौकट भिंगासमोर क्षणभर स्थिर राहते, मग दातेरी चाक पट्टी पुढे ओढते आणि दुसरी चौकट त्या जागी येऊन थांबते. पट्टी सरकत असताना पडद्यावर प्रकाश पडला तर चित्र फरफटलेले दिसेल, म्हणून तेवढ्यापुरता शटर प्रकाश अडवतो. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे सेकंदाला २४ वेळा नवे चित्र जागेवर येणे, आणि ते प्रत्येक येणे अंधारात झाकलेले असणे. तीन तासांच्या सिनेमातला मोठा हिस्सा प्रेक्षक काळोखातच बसलेला असतो, पण ते त्याला जाणवत नाही. चित्र भरण्याचा वेळ यंत्राने पूर्णपणे स्वतःकडे घेतला आहे, म्हणूनच त्याला हालचाल दिसते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपून जो छोटा चित्रपट केला, त्यातही हेच घडले. रोपाला वाढायला लागलेले दिवस फाळक्यांनी कॅमेऱ्यापाशी काढले आणि पाहणाऱ्याला काही क्षणांत अंकुर वर येताना दिसला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्याही अशाच हलवून दाखवल्या. मराठी माणसाच्या हातून घडलेले ॲनिमेशन या तत्त्वावर सुरू झाले: वेळ करणाऱ्याने द्यायचा, पाहणाऱ्याने नाही.

सिनेमा येण्याआधीही रंगमंचावर हा विचार रुळला होता. संगीत नाटकांच्या काळात राजवाड्याचा देखावा काढून अरण्याचा लावायला वेळ लागे. नाटककार आणि कंपनीचे मालक दोघेही तो वेळ लिहितानाच धरत. भरजरी प्रवेशानंतर पुढचा रंगवलेला पडदा सोडायचा आणि त्याच्यासमोर दोन-तीन पात्रांचा हलका, बहुधा विनोदी प्रवेश व्हायचा. तोवर मागे सुतार आणि पडदेवाले पुढचा देखावा उभा करत. प्रेक्षकाच्या दृष्टीने नाटक थांबलेलेच नसे. राष्ट्रीय चळवळीने भारलेल्या अमरावतीने वीर वामनराव जोशींसारखा नाटककार दिला, आणि त्या काळातल्या कोणत्याही नाटककाराला मागे काय हलवायचे आहे हे ठाऊक असल्याशिवाय पुढे काय बोलायचे ते लिहिता येत नसे. रंगमंचाबाहेरही हेच दिसते. १८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ हा काचचित्रांचा खेळ सुरू केला. हाताने रंगवलेल्या काचा दिव्यासमोरून सरकवून भिंतीवर गोष्ट दाखवायची, आणि त्याला निवेदनाची व संगीताची साथ द्यायची. एक काच काढून दुसरी घालेपर्यंतची फट आवाजाने भरली जाई. कान गुंतलेले असले की डोळ्याला थांबणे कमी बोचते, हे या खेळकऱ्यांना अनुभवातून कळले होते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा तो चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. त्याच्या जाहिरातीत चित्रपटाबरोबर नृत्य, नकला आणि कसरतीचे खेळही होते. आज हे विचित्र वाटते, पण त्या काळी सिनेमा हा एका मोठ्या कार्यक्रमाचा भाग होता. रीळ बदलायला, दिवा सावरायला, तापलेले यंत्र निवायला जो वेळ लागे, तो बाकीच्या कार्यक्रमात सामावून जाई. पुढच्या १८ वर्षांच्या मूकपटकाळात पेटी आणि तबल्यावर बसलेल्या वादकांनी तोच भार उचलला. पडदा काळा झाला तरी वाजवणे थांबत नसे. सिनेमाच्या इतिहासात या वादकांची नोंद चित्राला साथ देणारे म्हणून होते, पण चित्र नसतानाच्या वेळाला साथ देणे हे त्यांचे तितकेच मोलाचे काम होते. त्यांचा पगार थिएटरवाला देत असे. म्हणजे वाट पाहण्याची किंमत रोख स्वरूपात दाखवणाऱ्याच्या हिशेबवहीत लिहिलेली होती.

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये मराठीतला ‘अयोध्येचा राजा’ आला. आवाज फिल्मवरच आल्याने वादकांची गरज संपली, आणि त्यांच्यासोबत फट झाकणारा आवाजही गेला. बोलणारे पात्र वाक्य अर्धवट टाकून गप्प व्हायचे, पडदा काळा पडायचा आणि त्या शांततेत मशीनवाल्याच्या खोलीतली खटपट ऐकू यायची. नव्या तंत्राने जुना उपाय मोडला आणि नवा शोधणे भाग पडले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी दुसरे मशीन घेतले. ज्यांच्याकडे नव्हता ते एकाच मशीनवर चालवत राहिले, आणि त्यांत तंबूत खेळ करणाऱ्या फिरत्या टॉकीजवाल्यांची संख्या मोठी होती. १,००० फुटांचे रीळ ११ मिनिटे चालते आणि २,००० फुटांचे सुमारे २२ मिनिटे. ऐन दृश्यात कापडी पडद्यावर अंधार झाला की जमिनीवर बसलेल्या शेकडो माणसांना दोन-चार मिनिटे धरून ठेवणे हे तंबूवाल्याचे रोजचे काम होते. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पौषात भरणारी, महिनाभर चालणारी बहिरमची यात्रा असो की महाराष्ट्रातल्या इतर यात्रा, तंबूतला प्रेक्षक दिवसभर चालून आलेला शेतकरी असे. तिकीट स्वस्त, पण दुसऱ्या दिवशी तो कोणत्या तंबूत जाणार हे आजच्या खेळावर ठरे. म्हणून रेकॉर्डवर गाणे लागायचे, काचेच्या स्लाइडवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती यायच्या, उद्याच्या खेळाची घोषणा व्हायची. ऑपरेटरचा हातही या भीतीनेच तयार झाला. रीळ संपायच्या आधी पुढचे रीळ उघडून, टोक मोकळे करून हाताशी ठेवायचे, आणि संपताच अंधारात बोटांच्या अंदाजाने गुंडाळायचे.

दोन मशीनच्या टॉकीजमध्ये हे कसब अधिक सूक्ष्म झाले. रीळ संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करतो. संपायला सेकंदभर उरला असताना दुसरा ठिपका येतो, तेव्हा एकाचा झोत बंद आणि दुसऱ्याचा सुरू. मोटर सुरू केल्या क्षणी पूर्ण वेगात येत नाही, म्हणून प्रत्येक रिळाच्या आरंभी कोऱ्या आणि आकड्यांच्या चौकटींचा काही फुटांचा तुकडा असतो. उलटे मोजणारे ते आकडे प्रेक्षकासाठी नसून ऑपरेटरसाठी असतात. मशीन वेग धरेपर्यंत तेवढीच पट्टी वाया जाऊ द्यायची, म्हणजे पहिले खरे चित्र भिंगासमोर येताना वेग आणि आवाज दोन्ही जागेवर असतात. आजच्या वेबच्या भाषेत ही सगळी व्यवस्था म्हणजे पुढचा भाग आधीच भरून ठेवणे. फरक इतकाच की इथे भरण्याची प्रक्रिया प्रेक्षकाला कधीही दाखवली जात नसे. कोळशाच्या कांड्या जळत असलेल्या, उकाड्याने तापलेल्या खोलीत उभा राहून, विदर्भाच्या मे महिन्यात दिवसाला तीन-चार खेळ, प्रत्येक खेळात सात-आठ वेळा ही अदलाबदल बिनचूक करणारा माणूस प्रेक्षकाला दिसत नसे, आणि तो न दिसणे हेच त्याच्या कामाचे यश होते.

वाट पाहण्याचे दुसरे, मोठे रूप खोलीबाहेर होते, आणि त्यात वऱ्हाडचे स्थान खास आहे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९५०ला त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबईत आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यकारभारातून ‘सी. पी. अँड बेरार’ हे नाव गेले, पण चित्रपट वितरणाच्या व्यवहारात ‘सीपी-बेरार’ सर्किट आजतागायत टिकून आहे. पुण्या-मुंबईचे हक्क एकाला विकले जातात आणि विदर्भाचे वेगळ्या सर्किटमध्ये दुसऱ्याला. या सर्किटची सूत्रे नागपूरएवढीच अमरावती आणि भुसावळ इथून हलली. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे मुख्य ठाणे भुसावळलाच आहे. राजधानी नसलेल्या शहरांकडे हा मान येण्याचे एक कारण रूळ हे दिसते. १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी वऱ्हाडच्या मधून गेली. कापसाच्या गाठी मुंबईकडे नेणाऱ्या याच मार्गाने फिल्मच्या पेट्या मुंबईहून आल्या. १६,००० फुटांचा चित्रपट म्हणजे १६ रिळे, जवळपास तीन तास, आणि डबे धरून चाळीस किलोंहून जास्त वजन. ही पेटी बडनेऱ्याला उतरणार, अमरावतीच्या टॉकीजमध्ये आपले आठवडे काढणार, मग अचलपूर, दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, वरूड अशा गावांकडे वळणार.

प्रती मोजक्या असल्याने मुंबईत लागलेला चित्रपट तालुक्याच्या गावी पोहोचायला कित्येक आठवडे, कधी महिने लागत. आठवड्यांचे हे लोडिंग व्यवसायाने ज्या रीतीने सांभाळले, ती रीत आजच्या वेब ॲनिमेशनवाल्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. जड वस्तू यायच्या आधी हलकी पाठवली गेली. सिनेमाची पेटी रेल्वेने यायची होती, पण गाणी डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनच्या ‘बिनाका गीतमाला’तून दर बुधवारी येत होती. त्यानंतर पोस्टर यायचे, मग टॉकीजच्या प्रवेशद्वाराशी काचेमागे लावलेले फोटो, मग भोंगा लावलेला टांगा किंवा रिक्षा गावभर फिरायची. प्रत्यक्ष चित्र हलू लागेपर्यंत प्रेक्षकाकडे त्याचे सूर, चेहरे आणि एखादे दृश्य आधीच जमा झालेले असायचे. एकाच वेळी सगळे देता येत नसेल तर जे लवकर पोहोचते ते आधी द्यावे, आणि ते स्वतःच्या पायावर उभे राहील असे द्यावे. गाणे हे चित्रपटाचे अपुरे रूप नव्हते. सिनेमा कधीच गावात आला नाही तरी गाणे ऐकणाऱ्याचेच होते.

या सगळ्या उपायांमागे एक साधा व्यवहार होता. टॉकीजचे तिकीट चित्रपटाचे असे, तासाचे नव्हे. रीळ तुटले, वीज गेली, पेटी उशिरा आली आणि खेळ तासभर लांबला तरी प्रेक्षकाला जास्तीचा आणा द्यावा लागत नसे. उलट मालकाचा पुढचा खेळ चुकायचा, तिकिटे परत करावी लागायची, शिट्ट्या आणि खुर्च्यांची मोडतोड त्याच्या वाट्याला यायची. वितरकाचा माणूस रोजची विक्री तपासायला बसलेला असायचा, त्याच्यापुढेही मालकालाच उत्तर द्यावे लागे. सरकारनेही या व्यवस्थेत भर घातली. १९४३ पासून युद्धकाळातले माहितीपट आणि १९४८ नंतर फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रे मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक झाले. त्यामागचा हेतू प्रचाराचा आणि लोकशिक्षणाचा होता, पण परिणामी उशिरा येणाऱ्यांना जागेवर बसायला दहा-पंधरा मिनिटे मिळाली. मुख्य चित्र सुरू होईपर्यंतचा वेळ धरणाचे, दुष्काळाचे, क्रिकेटच्या सामन्याचे काहीतरी दाखवून जाई. भरलेल्या वेळातही आशय होता, आणि त्याची किंमत पाहणाऱ्याच्या खिशातून वेगळी कापली जात नव्हती.

वेब आले तेव्हा नेमका हा व्यवहार उलटला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यात नुसती अक्षरे दिसत. चित्रे पाहायची तर कितीतरी पट महाग खाते घ्यावे लागे. पुढे गावोगाव सायबर कॅफे निघाले, पण तिथला दर तासाचा होता. घरी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घेतली तर मिनिटागणिक कॉलचे बिल चढे. म्हणजे चित्र येण्याची वाट पाहण्याचा प्रत्येक मिनिट पाहणाऱ्याने विकत घेतलेले असे. याच काळात, १९९५-९६ मध्ये, नेटस्केपच्या ब्राउझरने पुन्हापुन्हा फिरणारी जिफ चित्रे हलवून दाखवली आणि १९९६ मध्ये फ्लॅश आले. फ्लॅशमध्ये संकेतस्थळाच्या दारातच उडत्या अक्षरांचा, संगीताचा देखावा मांडण्याची लाट उसळली. हिशेब करून पाहावा: एक मेगाबाइटचा असा देखावा ५६ केबीपीएसच्या जोडणीवर, ती पूर्ण क्षमतेने चालली तरी, उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ घेतो, आणि छोट्या गावांच्या तारांवर ती क्षमता क्वचितच मिळे. देखावा बनवणारा स्वतःच्या संगणकावर तो क्षणात पाहत असे. दोन मिनिटांचे पैसे भरणारा माणूस त्याला कधी भेटतच नव्हता. तंबूवाल्याला शिट्टी ऐकू येत होती. संकेतस्थळ बनवणाऱ्याला पाहणारा मुकाट्याने उठून गेला हे कळण्याची सोयही सुरुवातीला नव्हती.

या प्रश्नाचा अभ्यास झालेला नव्हता असे नाही. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच संगणकाच्या उत्तराला लागणारा वेळ आणि माणसाचे लक्ष यांचा संबंध मांडला होता. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये काम किती टक्के झाले ते दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास करून ती लोकांना हवीशी वाटते असे दाखवले. जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मर्यादा सुटसुटीत केल्या: दशांश सेकंदात घडले तर तत्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांपलीकडे लक्ष टिकत नाही. फ्लॅशच्या कारागिरांनी यातून ‘प्रीलोडर’ घेतला, म्हणजे भरणाऱ्या पट्टीचा आणि वाढत्या टक्केवारीचा आरंभीचा पडदा. खरी टक्केवारी दाखवणारी पट्टी प्रामाणिक असते. थांबायचे की जायचे हे ती पाहणाऱ्याला ठरवू देते. पण लवकरच पट्टीच सजवण्याची स्पर्धा लागली आणि प्रतीक्षेचा पडदा हा स्वतंत्र देखावा बनला, तोही वजनाने जड. त्याहून वाईट म्हणजे नुसते फिरणारे चक्र. किती झाले आणि किती उरले यांतले काहीच ते सांगत नाही. टॉकीजमध्ये रिळाच्या आरंभीचे आकडे ऑपरेटरपुरते ठेवले जात होते. वेबने तेच भरणे पडद्याच्या मधोमध आणून पाहणाऱ्याच्या माथी मारले.

मराठी वाचकावर हा भार दुहेरी पडला. देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रांची वेगवेगळी रूपे असल्याने तिच्या फॉन्टची फाइल रोमनपेक्षा सहसा मोठी होते. युनिकोड सर्वत्र पोहोचण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हे दिसत. ज्या अक्षरांनी प्रतीक्षेचा वेळ भरायचा, त्या अक्षरांचीच वाट पाहावी लागे. आज प्रत्येक फोनमध्ये देवनागरी आधीपासून असते. तरीही केवळ शोभेसाठी दुसरा फॉन्ट मागवला जातो आणि तो येईपर्यंत मजकूर कोरा ठेवला जातो, तेव्हा ती जुनी चूक पुन्हा होते. सर्वांत हलकी आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे मजकूर. तीच मागे ठेवून हालचाल पुढे आणणे हे गाणे अडवून सिनेमाच्या पेटीची वाट पाहायला लावण्यासारखे आहे.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा, की टॉकीजच्या काळाचे हे चित्र फार गोड आहे. तंबूंत पट्टी तुटायची, चित्र जळायचे, आवाज खरखरायचा, अधिक खेळ बसवण्यासाठी काही मालक रिळे गाळायचेही. हे खरे आहे आणि त्यामुळे माझा मुद्दा बळावतोच. गैरसोय जिथे मालकाच्या फायद्याची होती, जसे रीळ गाळणे, तिथे ती टिकली. जिथे तिचा तोटा मालकाला होत होता, तिथे उपाय निघाले. चांगुलपणापेक्षा हिशेबाची रचना निर्णायक ठरली. दुसरा आक्षेप टॉकीजमधल्या सर्वांत मोठ्या थांब्याबद्दल, म्हणजे मध्यंतराबद्दल आहे: ते तर चहा-समोशाच्या विक्रीसाठी होते, त्यात तंत्राचा काय संबंध? दोन मशीन आल्यावर मध्यंतराची तांत्रिक गरज संपली, तरी ते राहिले, कारण तोवर ते प्रेक्षकाच्या सवयीत आणि पटकथेच्या बांधणीत मुरले होते. हिंदी-मराठी चित्रपटाची कथा उत्कंठेच्या टोकावर मध्यंतराला आणून ठेवली जाते. थांबणे कथेत सामावून घेतले की ते उणीव राहत नाही. वेबवरही ज्या गोष्टी टप्प्याटप्प्याने उलगडतात, एक भाग वाचून होईपर्यंत पुढचा भरतात, त्या याच वाटेने जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता वेग इतका वाढला आहे की हा प्रश्नच मिटला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला, फोरजी तालुक्यांपर्यंत पोहोचले, हे मान्य. पण रस्ता रुंद झाला तसे ओझेही वाढले. तीस वर्षांपूर्वी पान काही किलोबाइटचे असे, आज एकेक पान कित्येक मेगाबाइटचे असते. शिवाय वेग सर्वत्र सारखा नाही. अमरावती शहरात जे क्षणात उघडते, ते मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगराळ गावांत, जिथे नेटवर्क येते-जाते, मिनिटे घेते. आणि उतरलेल्या चित्राला हलवायचे काम फोनच्या प्रोसेसरला करावे लागते. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे एका चौकटीला जेमतेम १६ मिलिसेकंद, आणि स्वस्त फोनला ते झेपत नाही. पाहणाऱ्याने डेटाचे पैसे दिले, वेळ दिला आणि बॅटरीही दिली. किंमत आजही तोच भरतो आहे. ती लहान तुकड्यांत विभागल्याने दिसेनाशी झाली, एवढेच.

विशेष म्हणजे सिनेमाच्या धंद्याने डिजिटल झाल्यावरही आपला जुना व्यवहार सोडला नाही. २००५ पासून यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहाद्वारे चित्रपट पाठवायला सुरुवात केली आणि काही वर्षांत पेट्या, डबे, पार्सल इतिहासजमा झाले. मुंबईत आणि अकोल्यात चित्रपट एकाच शुक्रवारी लागू लागला. पण उपग्रहावरून येणारा चित्रपट प्रेक्षकासमोर उतरत नाही. तो आधीच टॉकीजच्या सर्व्हरवर येऊन बसतो, तपासला जातो, आणि मगच खेळ सुरू होतो. तंत्र नेटसारखेच असूनही फिरणारे चक्र प्रेक्षकाला दिसत नाही, कारण उशीर झाला तर नुकसान अजूनही टॉकीजमालकाचेच आहे. एकाच काळात, एकाच गावात, जवळपास एकाच तंत्रावर चालणाऱ्या दोन पडद्यांपैकी एकावर प्रतीक्षा झाकली जाते आणि दुसऱ्यावर उघडी पडते, याचे दुसरे पटण्याजोगे कारण मला दिसत नाही.

म्हणून अमरावती, अकोला, बडनेरा, शेगाव इथल्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडून वेबचे काम करणाऱ्या तरुणांना या इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे. आधी मजकूर द्या, मग स्थिर चित्र, आणि हालचाल शेवटी. चित्राची जागा आधीच राखून ठेवा, म्हणजे ते आल्यावर वाचकाची ओळ उडणार नाही. थांबावेच लागणार असेल तर किती ते खरे सांगा. पुढचा भाग वाचक पोहोचायच्या आत, त्याला न कळता भरून ठेवा. जे ॲनिमेशन नसल्याने कोणाचे काहीच अडत नाही, ते काढून टाका. आणि आपले काम कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर पारखून समाधान मानू नका. सर्वांत स्वस्त फोन आणि सर्वांत दुबळे नेटवर्क घेऊन ते मेळघाटातल्या माणसाच्या जागी बसून पाहा. वाट पाहण्याची किंमत दाखवणाऱ्याने भरायची असते. वऱ्हाडातल्या तंबूवाल्यांनी आणि ऑपरेटरांनी ती नफ्या-तोट्याच्या धाकाने भरली. वेब बनवणाऱ्यावर तसा धाक नाही, तेव्हा त्याने ती कर्तव्य म्हणून भरावी.